शोजो मांगा नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडंसं

शोजो मांगा म्हणजे मुख्यतः मुलींसाठी काढलेली जपानी कॉमिक्स. सुरुवात फ्रूट्स बास्केट या मालिकेपासून कर, २३ भाग आहेत आणि गोष्ट पूर्ण झालेली आहे, हे महत्त्वाचं. नाना नावाची मालिका पण जबरदस्त आहे पण ती २००९ पासून अर्धवट लटकलीये, त्यामुळे पहिल्याच फटक्यात तिच्यात अडकू नकोस, जीव टांगणीला लागेल उगाच.

पानं उजवीकडून डावीकडे वाचायची, दोनेक प्रकरणांत डोळे सरावतात. आधी अमेरिकेत पानं आरशातल्यासारखी उलटी करून छापायचे, मग २००२ च्या सुमारास टोक्योपॉप या प्रकाशकाने जपानीसारखीच छापायला घेतली, छपाईचा खर्च पण वाचला आणि वाचणाऱ्यांना तेच जास्त अस्सल वाटलं. आणि ही पुस्तकं कॉमिक्सच्या दुकानांपुरती न राहता बॉर्डर्ससारख्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात दहा डॉलरच्या आसपास मिळायला लागली, सुपरहिरोवाल्या दुकानांकडे सहसा न फिरकणाऱ्या मुली तिथे मांडी घालून वाचत बसायच्या (दुकानदारांची काय चिडचिड होत असेल!). माझ्या मते खरा फरक तिथे पडला. २००५ ला विझ या दुसऱ्या प्रकाशकाने शोजो बीट नावाचं मासिकच काढलं, ते २००९ ला बंद पडलं पण त्याच नावाने पुस्तकं अजून निघतात, पुस्तकाच्या कण्यावर ते नाव दिसलं की बिनधास्त उचल.

बाकी फक्त प्रेमकथा असतात असं कोणी सांगितलं तर सेलर मून दे हातात, त्यात मुली जादूच्या ताकदीने दुष्टांशी लढतात. आणि स्कॅन केलेल्या फुकट साइट्स शक्यतो टाळ, भाषांतर कधी कधी फारच भयंकर असतं.