‘तो ऐकत नाही’ : स्वमग्न मुलं आणि शाळा, तुमचे प्रश्न

यावेळच्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटलं : ‘तो ऐकत नाही.’ मराठीत याचे दोन अर्थ होतात. एक, सांगितलेलं करत नाही. दुसरा, कानावर पडलेलं आत पोहोचत नाही. तक्रार करणाऱ्याच्या मनात बहुतेकदा पहिला असतो, आणि खोलात गेलं की निघतो दुसरा. विशेष शिक्षिका म्हणून माझा बराचसा वेळ ही गल्लत सोडवण्यातच जातो. (‘स्वमग्न’ म्हणजे ऑटिझम असलेलं. हा शब्द मला फारसा आवडत नाही. यातली कितीतरी मुलं स्वतःत मग्न नसतात, आपल्याला न दिसलेल्या कशात तरी मग्न असतात. पण शब्द रुळलाय, म्हणून वापरते.)

प्रश्न : मी तिसरीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात एक स्वमग्न मुलगा आहे. मी शिकवत असताना तो पंख्याकडे बघतो, हातात खोडरबर फिरवत बसतो. ‘माझ्याकडे बघ’ म्हटलं की क्षणभर बघतो, परत तेच. प्रश्न विचारला तर गप्प. वही तपासली की मात्र सगळं बरोबर! हे कसं काय?

वही बरोबर आहे, म्हणजे तो ऐकतोय. पंख्याकडे बघत ऐकतोय, इतकंच.

समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघणं आणि त्याचं बोलणं ऐकणं ही आपल्याला एकच गोष्ट वाटते. अनेक स्वमग्न प्रौढ सांगतात की त्यांच्यासाठी ती दोन वेगळी कामं आहेत, आणि एक करायला गेलं की दुसरं सुटतं. चेहरा सतत हलत असतो. भुवया, ओठ, डोळे, प्रत्येकाचा काहीतरी अर्थ लावायचा. पंखा बिचारा एका गतीने फिरतो, त्याचा अर्थ लावावा लागत नाही. तेव्हा ‘माझ्याकडे बघ’ सोडून द्या. खोडरबरही राहू द्या. हात गुंतलेला असला की कित्येक मुलांचे कान मोकळे होतात.

आता गप्प राहण्याबद्दल. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहा अंक मोजा आणि तोवर काही बोलू नका. वर्गात दहा अंक फार लांब वाटतात, मला माहीत आहे. पण आपण काय करतो? तीन सेकंदांत उत्तर आलं नाही की तोच प्रश्न सोपा करून, वेगळ्या शब्दांत विचारतो. त्याच्यासाठी तो नवा प्रश्न असतो. निम्म्यावर आलेलं काम टाकून त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एकदा मी एका मुलाला बेरीज विचारली, उत्तर आलं नाही म्हणून पुढच्या बाकाकडे वळले आणि तिथल्या मुलीला तिचं नाव विचारलं. मागून आवाज आला, ‘त्रेचाळीस.’ वर्ग खो खो हसला. उत्तर बरोबर होतं, घाई माझी झाली होती.

एक युक्ती : ‘गणिताच्या तासाला तुला तिसरं उदाहरण विचारणार आहे’ असं त्याला आधीच सांगून ठेवा. आणि सूचना देताना आधी नाव, मग सूचना, एका वेळी एकच.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. मोठमोठे गुणाकार तोंडी करतो, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडतो. भाषेच्या पेपरात ‘तुझ्या शब्दांत लिही’ असेल तिथे पान कोरं. घरी सोडवलेलं उदाहरणसुद्धा शाळेत येत नाही. शिक्षक म्हणतात, कंटाळा करतो.

कंटाळा हा शब्द तूर्त बाजूला ठेवू या.

‘एका बागेत १२ झाडं आहेत. प्रत्येक झाडावर ९ पक्षी बसले. २० पक्षी उडून गेले. किती उरले?’ हे वाचून माझ्याकडच्या एका मुलाने विचारलं, ‘उडालेले परत येणार का?’ तो चेष्टा करत नव्हता. उदाहरणात तसं लिहिलेलंच नाही! बाकीची मुलं पक्षी, बाग सगळं टाकून फक्त आकडे उचलतात, कारण गणिताच्या तासाला सांगितलेली गोष्ट खरी धरायची नसते हा अलिखित नियम त्यांनी कधीच उचललेला असतो. हा नियम कुणी शिकवत नाही. तुमच्या मुलाला तो शिकवावा लागेल, स्पष्ट शब्दांत : ‘ही गोष्ट खोटी आहे. यातले आकडे आणि शेवटचा प्रश्न एवढंच आपल्या कामाचं.’ मग आकड्यांखाली रेघ, प्रश्नाभोवती चौकट, उरलेलं पेन्सिलीने खोडायचं. हे खोडणं मुलांना फार आवडतं.

तपशील आधी, सगळ्याचा मिळून अर्थ नंतर, अशी ही विचारांची चाल आहे. तिला फायद्याची बाजूही आहे. १९८३ मध्ये अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी चित्रात लपलेले आकार शोधण्याची चाचणी घेतली, तेव्हा स्वमग्न मुलं त्यात इतरांपेक्षा सरस ठरली. गुंतागुंतीच्या चित्राने त्यांची दिशाभूल होत नव्हती. निबंधात मात्र हीच चाल आडवी येते. ‘तुझ्या शब्दांत लिही’ म्हटल्यावर एक मुलगी मला म्हणाली, ‘माझे शब्द कुठले? सगळे पुस्तकातच आहेत.’ काय उत्तर देणार! त्याऐवजी असं सांगा : ‘पुस्तक मिटून तीन वाक्यं लिही. कोण होतं, कुठे होतं, शेवटी काय झालं.’ पान कोरं राहणार नाही.

घरचं शाळेत न येण्याचं कारणही इथेच आहे. टेम्पल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न असलेल्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका. त्या सांगतात की एखादा शब्द ऐकला की त्यांच्या डोळ्यांपुढे त्या वस्तूची सर्वसाधारण कल्पना येत नाही, प्रत्यक्ष पाहिलेले एकेक नमुने येतात. सगळीच स्वमग्न माणसं चित्रांत विचार करत नाहीत, पण शिकलेली गोष्ट त्या जागेला, त्या वहीला, त्या माणसाला चिकटून राहणं मी रोज पाहते. तुमच्या मुलाला ‘भागाकार’ येतो तो घरच्या टेबलावर, निळ्या पेनने, बाबांच्या शेजारी. तेव्हा तेच उदाहरण दुसऱ्या खोलीत, शाळेच्या वहीत, आईसमोर, उभ्याने फळ्यावर, असं फिरवून करून घ्या. नवीन काही शिकवायच्या आधी हे करा.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. शाळेत ‘अगदी शहाणी’ म्हणून कौतुक होतं. घरी आल्यावर दप्तर फेकते, दार आपटते, तासभर रडते. शाळेत नीट वागता येतं तर घरी का नाही? आमचेच लाड जास्त झाले का?

नाही हो. शाळेत ती जे करते आहे त्याची किंमत ती घरी मोजते आहे.

काही मुलं, त्यातही मुली जास्त, आपलं वेगळेपण झाकायला शिकतात. कुठल्या विनोदावर हसायचं ते शेजारणीकडे बघून ठरवायचं, मधल्या सुट्टीत बोलायची दोन वाक्यं आदल्या रात्री घोकायची, हात हलवावेसे वाटले की ते मांडीखाली दाबायचे. मुलींमध्ये स्वमग्नता उशिरा लक्षात येण्याचं हे एक मोठं कारण. असं सतत झाकत राहणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्य अधिक आढळतं, म्हणून ‘शाळेत तर छान असते’ यावर समाधान मानू नका.

घरी आल्यावरचा पहिला तास मोकळा ठेवा. ‘आज काय शिकवलं?’ हा प्रश्नसुद्धा नको. अंधारी खोली, पांघरूण, तेच ते जुनं गाणं, तिला जे लागेल ते. आणि वर्गशिक्षिकेला जाऊन घरचं चित्र सांगा, शक्य असेल तर तारीखवार लिहून न्या. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं ग्रंथालयात जाऊन बसायची परवानगी मिळाली तरी संध्याकाळ बदललेली मी पाहिली आहे. मुलीने ती मागावी अशी अपेक्षा मात्र ठेवू नका; शहाण्या म्हणवल्या जाणाऱ्या मुली मागत नाहीत. वेळापत्रकातच लिहून टाका.

प्रश्न : स्नेहसंमेलनाच्या तालमीत दुसरीतला एक मुलगा एकदम खाली पडून किंचाळायला लागला, डोकं आपटायला लागला. काम टाळायला नाटक करतो असं काही शिक्षकांचं मत आहे. नक्की काय समजायचं आणि त्या क्षणी काय करायचं? (एक मुख्याध्यापक)

हट्ट करणारं मूल अधूनमधून बघतं, आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे का. हवी ती वस्तू दिली की थांबतं. सहन करण्याची मर्यादा संपून कोलमडलेल्या मुलाला प्रेक्षक लागत नाहीत, आणि काहीही दिलं तरी ते लगेच थांबत नाही. त्याच्या हातात काही उरलेलंच नसतं.

तालमीची खोली त्याच्या बाजूने आठवून बघा. माइकची शिट्टी, स्पीकर, साठ मुलांचा गलका, टोचणारा पोशाख, नेहमीचा तास रद्द झालेला. आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा असा जास्तीचा किंवा उलट फारच कमी त्रास होणं हे २०१३ पासून डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत स्वमग्नतेचं एक लक्षण म्हणून नोंदलेलं आहे. ‘फारच कमी’ हेही लक्षात ठेवा : गुडघा फुटला तरी न रडणारं, लघवीला लागल्याचं वेळेवर न कळणारं मूल यातच मोडतं.

त्या क्षणी माणसं कमी करा, शब्द कमी करा. बाकीच्या मुलांना बाहेर न्या, त्याला ओढत नेऊ नका. डोक्याखाली दप्तर, सतरंजी, जे मऊ सापडेल ते सरकवा. दिवे बंद करा. समजावणं, दटावणं, ‘असं करतात का’ विचारणं काही नको. शुद्धीवर आल्यावरही त्या दिवशी प्रवचन नको. तो थकलेला असतो, बहुतेकदा लाजलेलाही.

खरं काम आधी करायचं असतं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ मध्ये ‘टीच’ नावाचा कार्यक्रम उभारला, त्याचा भर दिवस डोळ्यांना दिसेल असा मांडण्यावर आहे. आमच्याकडे पुठ्ठ्याची एक पट्टी असते, तिच्यावर तासांची चित्रं ओळीने अडकवलेली. तास संपला की मूल आपल्या हाताने ते चित्र काढून पाकिटात टाकतं. एक मुलगा ‘गणित’ पाकिटात टाकताना दर वेळी त्याला टाटा करायचा. बदल होणार असेल तर त्या जागी लाल किनारीचं ‘आज वेगळं’ हे चित्र सकाळीच लावायचं. तालीम त्याला आधी रिकाम्या सभागृहात दाखवा, कानावर आवाज अडवणारे हेडफोन द्या, आणि रंगमंचावर उभं राहायचं की पडदा ओढायचा हे त्याला निवडू द्या.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा आहे. ‘पाणी हवं का?’ विचारलं तर ‘पाणी हवं का?’ असंच म्हणतो. मधेच लिफ्टमधली सूचना म्हणतो. शाळेत मुलं हसतात. ही सवय मोडायची कशी? (एक आजी)

मोडू नका, आजी. तोच त्याचा बोलण्याकडे जायचा रस्ता आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची ओळख करून दिली, त्यातही हे पुन्हा म्हणणं आहे. पुढे १९४६ मध्ये त्यांनी दाखवलं की या असंबद्ध वाटणाऱ्या वाक्यांचं मूळ सापडलं की अर्थ लागतो. तुमचा नातू लिफ्टची सूचना कधी म्हणतो ते आठवडाभर टिपून ठेवा. माझ्याकडचा एक मुलगा ‘दार बंद होत आहे’ म्हणायचा तेव्हा त्याला घरी जायचं असायचं.

आणि तुम्ही त्याच्या बाजूने बोला. ग्लास दाखवून ‘मला पाणी हवं’ असं तुम्हीच म्हणा. तो तेवढंच म्हणेल आणि ते बरोबर असेल. सोबत चित्रकार्डं दिलीत तरी चालेल, त्याने बोलणं मागे पडत नाही.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा. मधल्या सुट्टीत भिंतीच्या कडेने एकटाच चालतो. कुणी आलंच तर ग्रहांबद्दल बोलत सुटतो, समोरचा कंटाळलेला कळत नाही. दुसऱ्याच्या मनाचा विचारच नाही त्याला. ग्रहांची पुस्तकं बंद करू का?

पुस्तकं बंद करू नका. तो वाचतो, आकडे लक्षात ठेवतो, बोलतो, सगळं त्याच दारातून.

मनाचा विचार नाही, हे म्हणणं जुनं आहे. १९८५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात बाहुली बाहेर गेलेली असताना तिची गोटी दुसरीकडे ठेवली; परत आल्यावर ती गोटी कुठे आहे असं बाहुलीला वाटेल, हे २० पैकी ४ स्वमग्न मुलांनाच बरोबर सांगता आलं होतं. त्यावरून बरीच घाईची अनुमानं निघाली. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये उलटा प्रश्न मांडला : न समजणं दोन्हीकडून आहे, मग दोष एकाच्याच माथी का? समोरचा कंटाळला हे तुमच्या मुलाला कळत नाही, आणि तो ग्रह सांगतो म्हणजे मैत्रीचा हात पुढे करतो, हे त्या मुलांना कळत नाही. ‘दोन ग्रह सांगून झाले की समोरच्याला एक प्रश्न विचार’ हा नियम त्याला शिकवा, आणि वर्गातलं ग्रहवेडं दुसरं मूल शोधा. एक पुरतं.

भिंतीच्या कडेने चालण्याबद्दल मात्र आधी त्यालाच विचारा. ती त्याची विश्रांती असेल तर चालू द्या. सांगता येत नसेल तर दोन चित्रं पुढे ठेवा, एकटा चालणारा मुलगा आणि दोघं खेळणारी मुलं. कुठल्यावर बोट ठेवतो ते बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, तेव्हा उत्तर वेगळंही येऊ शकतं.