पाँडिचेरीची वाळू गेली कुठे?

प्रश्न: जानेवारीत फॅमिलीसोबत पाँडिचेरीला गेलो होतो. प्रोमेनेडला सगळे बीच म्हणतात पण बराच भाग नुसते काळे दगड, वाळू एखाद्याच तुकड्यात. रिक्षावाला म्हणाला, इथली वाळू बंदराने खाल्ली. बंदर वाळू कशी खाणार? आणि एवढे दगड टाकूनही ती परत का येत नाही?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: रिक्षावाला बरोबरच बोलला, फक्त बंदर वाळू खात नाही, अडवतं. पूर्व किनाऱ्यावर वर्षातले बरेच महिने लाटा दक्षिणेकडून तिरक्या येतात, वाळूचा कण लाटेबरोबर तिरका वर चढतो, पाणी उतरताना सरळ खाली येतो आणि पुढची लाट त्याला अजून थोडं उत्तरेला सरकवते. ईशान्य मान्सूनमध्ये उलटं होतं, पण वर्षाचा हिशोब केला तर लाखो घनमीटर वाळू उत्तरेलाच जाते. 1980 च्या दशकाच्या शेवटी शहराच्या दक्षिणेला बंदराचे ब्रेकवॉटर, म्हंजे लाटा अडवायला समुद्रात घातलेल्या दगडी भिंती, झाले आणि ही वाटच बंद पडली. दक्षिणेला वाळूचे ढीग, आणि शहरासमोर होती ती लाटा नेत राहिल्या, नवीन येईना. चेन्नईत हे शंभर वर्षं आधीच घडलं होतं. तिथल्या बंदराचं काम 1876 च्या सुमारास सुरू झालं, दक्षिणेला मरीना बीच रुंदावला आणि उत्तरेला रोयापुरमकडचा किनारा खचला. म्हंजे मरीनावर भेळ खाताय ती बंदराच्या कृपेने!

दगडांनी रस्ता वाचतो, पुळण नाही. लाट भिंतीवर आपटून पायथ्याची वाळू ओढून नेते, शिवाय भिंत जिथे संपते तिथून पुढचं गाव खचायला लागतं, मग तिथेही दगड टाका.

खरा उपाय म्हंजे अडलेली वाळू उचलून पलीकडे टाकणं, सँड बायपासिंग. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाशी 2001 पासून हेच चालतं, समुद्रात घुसलेल्या जेटीवरचे पंप वाळू-पाणी खेचतात आणि नदीखालच्या पाइपातून गोल्ड कोस्टच्या बीचवर सोडतात. पाँडिचेरी बंदराच्या मूळ आराखड्यातही बायपासिंग होतं, पण ते नियमित चालवलंच नाही, माझा खरा राग त्यावर आहे. 2018 च्या सुमारास चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने सचिवालयासमोर पाण्याखाली पाचरीसारखा स्टीलचा रीफ, म्हंजे लाटांचा जोर मोडणारा बांध, बसवला, तुम्हाला दिसलेला वाळूचा तुकडा बहुतेक त्याच्याच आडोशाचा. पण रीफ फक्त वाळू धरून ठेवतो, तयार करत नाही. बंदराचं तोंड गाळाने भरतंच, ते उपसावंच लागतं, तीच वाळू शहराच्या बाजूला टाकत राहिलं पाहिजे, दरवर्षी, न चुकता.