परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात दोन एकर काळ्या जमिनीत अक्रोड लावावा का?

तुम्ही लिहिलंय की थंडी चांगली पडते आणि रोपं विकणारा तीन वर्षांत अक्रोड लागतील म्हणतोय. दोन एकरांसाठी रोपं घेऊ नका. घराजवळ हौसेनं एक-दोन झाडं लावायची असतील तर लावा, नीट सांभाळलं तर झाड जगतं. फळाचा भरवसा मात्र धरू नका.

मुख्य अडचण थंडीचीच आहे. अक्रोडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे न उमललेले कोंब, हिवाळ्यात झोपतात आणि ते नीट फुटायला साधारण ७ अंशांखालचे तास साठावे लागतात, जातीनुसार ७०० ते १५०० तास. परभणीचा पारा एखाद्या आठवड्यात ५-६ अंशांवर येतो, पेपरात बातमीही येते. पण तो गारठा पहाटेच्या काही तासांचा. दुपारी पुन्हा २८-३० अंश, आणि ही दुपारची ऊब रात्री साठलेली थंडी पुसून टाकते. काश्मीरमध्ये ऐन हिवाळ्यात दिवसाही गारठा असतो, म्हणून देशातला बहुतेक अक्रोड तिथून येतो. आपली बेरीज ७०० च्या जवळपासही जात नाही.

याचा परिणाम झाडावर उघड दिसतो. पानं वेळेवर झडत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंड्याचा एखादा डोळा फुटतो, खालचे आंधळे राहतात. फांदी उघडी आणि टोकाला पानांचा झुबका. नरफुलांच्या लोंब्या वाळून गळतात. द्राक्षासारखं हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावून डोळे फोडू, असं कुणी सुचवेल. त्यानं थोडी तूट भरते, एवढी मोठी भरत नाही.

एखादं फळ धरलंच तरी पुढे एप्रिल-मे आहे. ३८ अंशांपुढे उन्हाच्या बाजूची हिरवी साल भाजून काळी पडते आणि आतला गर सुरकुततो. आपल्याकडे ४२ अंश नवीन नाही.

आता रोपाबद्दल. अक्रोडाच्या नावाखाली जंगली अक्रोडाची रोपंही खपवली जातात. ते झाड उष्ण हवामानात येतं, पण त्याचा कच्चा गर विषारी असतो. ओळख सोपी आहे. खऱ्या अक्रोडाच्या एका देठावर ५ ते ९ पर्णिका (छोटी पानं) असतात आणि पान चुरगळलं की उग्र वास येतो. जंगली अक्रोडाचं पान अखंड, कोनेदार, कोवळेपणी पीठ भुरभुरल्यासारखं पांढुरकं. जानेवारीत येणाऱ्या कलमांना पानं नसतात. तेव्हा काडीचा एक तुकडा उभा चिरून बघा. खऱ्या अक्रोडाचा गाभा शिडीच्या पायऱ्यांसारखा दिसतो, आडवे पातळ पडदे आणि मधे पोकळ कप्पे. आणि तीन वर्षांचं म्हणाल, तर अनुकूल हवामानातही कलम ४-५ वर्षं घेतं, बियांचं झाड ८-१० किंवा जास्त.

तरीही एक-दोन लावायचीत, तर जागा आधी तपासा. एक मीटर खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर ती जागा सोडा. काळ्या मातीतला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरून राहतो, मुळं गुदमरतात आणि बुंध्याला कूज लागते. आपल्याकडे अक्रोड उन्हापेक्षाही या साचलेल्या पाण्यानं लवकर मरेल. भारी जमीनच असेल तर खड्ड्याच्या नादी न लागता ४५ ते ६० सेंमी उंच, दीड-दोन मीटर रुंद भर घाला. त्यात पोयट्याची माती, बारीक मुरूम, २०-२५ किलो कुजलेलं शेणखत आणि एक किलो निंबोळी पेंड मिसळा. कलमाचा जोड मातीच्या वर १०-१५ सेंमी राहिला पाहिजे. दोन झाडं घ्याल तर वेगळ्या जातींची घ्या, कारण एकाच झाडाची नर आणि मादी फुलं बहुधा एका वेळी उमलत नाहीत. अंतर १० मीटर.

बियांपासून करायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात नव्या हंगामाचे, न भाजलेले, कवचासकट अक्रोड घ्या. दोन-तीन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. मग ओलसर वाळूत पिशवीबंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन महिने. वाळू मुठीत दाबली तर पाणी गळू नये, नाहीतर बुरशी येते. फेब्रुवारीत बी आडवं, कवचाची शिवण उभी राहील असं, ५-७ सेंमी खोल लावा. पिशवी किमान एक फूट उंच हवी. सोटमूळ झपाट्यानं खाली जातं आणि बुटक्या पिशवीत गुंडाळतं. उन्हाळा ५० टक्के शेडनेटखाली काढा आणि जुलैत, मूळ न दुखवता, जमिनीत लावा.

पहिल्या उन्हाळ्यात रोज ८-१० लिटर पाणी, ड्रिपर बुंध्यापासून फूटभर लांब. थंडीत वापसा (माती ओलसर पण चिकट नसणं) बघूनच पाणी द्या. सोयाबीनच्या भुसकटाचं आच्छादन घाला, पण बुंध्याला टेकवू नका, वाळवी चढते. मार्च लागण्याआधी खोडाला चुन्याचा हात द्या, विशेषतः नैर्ऋत्येला. दुपारच्या उन्हानं तीच बाजू तडकते. नवी पानं बारीक आणि झुपकेदार आली तर जस्ताची कमतरता समजा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडला तर लोहाची. चुनखडीच्या जमिनीत दोन्ही होतात. छाटणी हिवाळ्याच्या शेवटी करू नका, कापातून रस वाहत राहतो. पानं पूर्ण आल्यावर करा आणि काप लहान ठेवा. आणि परसात टोमॅटो असेल तर अक्रोड त्यापासून लांब लावा. त्याच्या मुळांतून उतरणाऱ्या द्रव्यानं टोमॅटो सुकतो.

दोन एकरांसाठी चिंच, केसर आंबा किंवा मोसंबी बघा; हलका, मुरमाड तुकडा असेल तर सीताफळ. जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केसर आणि बीडचं सीताफळ यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे हवामानाचा प्रश्न इथं आधीच सुटलेला आहे. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तुम्हाला जवळच आहे. निवड करण्याआधी माती तपासून घ्या; मुक्त चुना १० टक्क्यांपुढे निघाला तर मोसंबीही सोडा.