45 दिवसांचं पिल्लू या शनिवारी आणू नका

तुमचे प्रश्न तीन आहेत. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये लॅब (लॅब्रॅडॉर) घ्यावा की गोल्डन (रिट्रीव्हर), मुलं 6 आणि 10 वर्षांची असताना झेपेल का, आणि शनिवारी 45 दिवसांचं पिल्लू मिळतंय तर आधी काय काय आणून ठेवायचं. मधेच जाता जाता तुम्ही लिहिलंय, "तशा दिवसभर सासूबाई घरी असतातच." मी तिथूनच सुरुवात करते.

पिल्लू मुलांसाठी म्हणून येतं आणि दुपारी घरात जो असतो त्याचं होऊन बसतं. आमच्याकडे आतापर्यंत दोन लॅब आणि एक गोल्डन झाले. पहिल्या वेळी, ढब्बू आला तेव्हा, मी नोकरीत होते आणि घरी माझी आई होती. तिला आम्ही विचारलं होतं, नाही असं नाही. पण "कुत्रा चालेल ना गं?" एवढंच. दिवसातून दहा-बारा वेळा वाकून शू पुसावी लागेल, हे कोणी सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर दोन-तीन तास कळ काढतं. शिवाय झोपून उठलं की, खाल्लं की आणि खेळून झालं की लगेच जागेवर न्यायचं. एकदा उशीर झाला की झालंच गालिच्यावर. आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. तिने तक्रार केली नाही, पण पहिले चार महिने ढब्बूकडे ती ज्या नजरेने बघायची ती मला आठवते. तेव्हा सासूबाईंबरोबर चहा घेऊन बसा आणि दिवसाचा सगळा हिशोब तासातासाने सांगा. त्या नको म्हणाल्या तर ते नकोच समजा. हो म्हणाल्या तरी पहिले दोन आठवडे तुम्ही दोघं आलटून पालटून रजा टाका.

आता ते 45 दिवस. 2017 सालच्या श्वानप्रजननाच्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, म्हणजे किमान 56 दिवस. तरी आपल्याकडे महिन्याचं, सव्वा महिन्याचं पिल्लू सर्रास विकलं जातं. कारण साधं आहे. महिन्यानंतर पिल्लांचं आईच्या दुधावर भागत नाही, खाणं आणि लसी हा खर्च सुरू होतो, आणि तो तुमच्या गळ्यात घालणं सोपं. शिवाय ते जितकं लहान, तितकं गिऱ्हाईक विरघळतं. पण याच आठवड्यांत पिल्लू भावंडांशी मस्ती करताना शिकतं की जोरात चावलं की खेळ थांबतो. ते शिक्षण चुकलं की पुढचा वर्ग तुमच्या सहा वर्षांच्या लेकाच्या पोटऱ्यांवर भरतो.

ढब्बू आम्ही 35 दिवसांचा आणला होता. आठव्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा संसर्ग. चार दिवस सलाईनवर होता, वाचला हे नशीब. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, "आमच्याकडून निघाला तेव्हा ठणठणीत होता."

म्हणून पिल्लू बघायला गेलात की आधी त्याची आई बघा. "आई गावाला आहे", "आई दुसऱ्या जागी ठेवलीय" असं ऐकू आलं की तिथूनच परत फिरा. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी दाखवा म्हणा. केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद असतील तर चांगलंच, पण ते वंशावळ सांगतात, तब्येत नाही. लॅब आणि गोल्डन दोघांनाही खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार बराच आढळतो, आणि तो बऱ्याच अंशी आई-बापाकडून येतो. त्या दोघांच्या खुब्यांचे एक्सरे काढलेत का, हे विचारा. दहातले नऊ जण गोंधळून बघतील. दहावा भेटला तर त्याच्याकडून घ्या.

लॅब की गोल्डन यात मी फार वेळ घालवणार नाही. केस दोघांचेही गळतात. लॅबचे आखूड असतात म्हणून कमी गळतात हा गैरसमज आहे, उलट ते सोफ्यात सुईसारखे रुतून बसतात. गोल्डनला जवळजवळ रोज विंचरायला लागतं. दोघांच्याही अंगावर केसांचे दोन थर असतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये फिरणं सकाळी सहाच्या आत आणि रात्री उशिरा. उन्हाळा आला म्हणून गोल्डनची हजामत मात्र करू नका. फ्लॅटची अडचण दोघांनाही सारखीच: जागा कमी पडत नाही, फिरणं कमी पडतं. आणि "शांत जात" हे वर्णन दोन-अडीच वर्षांनंतरचं असतं, तोवर घरात वादळच असतं.

लसींचं वेळापत्रक डॉक्टर देतील: साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, बागेत खाली सोडायचं नाही. पण घरात कोंडूनही ठेवायचं नाही, कारण जगाची भीती बसते किंवा जाते ती साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतच. मग? कडेवर घ्यायचं. मी तिसऱ्या पिल्लाला, सावनीला, ओढणीत बांधून भाजीला न्यायची. रिक्षा, कुकरची शिट्टी, टोपीवाले आजोबा, वॉचमनची काठी, सगळं कडेवरून बघून झालं. जुलैत नदीकाठी ढोल-पथकांचा सराव सुरू झाला तेव्हा आधी लांबून, मग रोज थोडं जवळून. दिवाळीत ती पलंगाखाली गेली नाही. ढब्बू बारा वर्षं जात होता.

चावण्याबद्दल थोडं. ही जात मारलेले पक्षी पाण्यातून तोंडात धरून आणण्यासाठी घडवलेली आहे. त्याचं तोंड म्हणजे त्याचे हात. चप्पल, मोजे, रिमोट, सासूबाईंची जपमाळ, सगळं उचललं जाणार. ओरडून मागे धावलात तर त्याला तो खेळ वाटतो. हातात दुसरं काही द्या, अदलाबदल करा. चावलं तर खेळ तिथेच थांबवून उठून जा. मुलांना मात्र दोन नियम पहिल्या दिवशी: जेवताना हात लावायचा नाही, झोपेतून उठवायचं नाही.

आणून ठेवायच्या वस्तू फार नाहीत. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात, सांध्यांना ते वाईट. तेव्हा त्याच्या वावरायच्या जागेत जुन्या सतरंज्या किंवा रबरी मॅट. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाणं आणा, आणि ते देत असाल तर वर कॅल्शियमचं सिरप नको, मग दुकानदार काहीही म्हणो. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं बंद. द्राक्षांबरोबर बेदाणेही आले, म्हणजे सत्यनारायणाचा शिराही गेला. लॅब घेतलात तर एक माहीत असू द्या: केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅबमध्ये भुकेशी संबंधित जनुकाचा तुकडाच गायब असतो. त्याचे ते उपाशी डोळे खरे असतील, तरी ताट पुढे करू नका.

पावसाळ्यानंतर टेकडीवर नेलंत की घरी आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखाली गोचीड शोधा. सावनीला वेताळ टेकडीवरून आणलेल्या गोचिडांमुळे ताप आला, प्लेटलेट्स पार खाली गेल्या होत्या.

शनिवारी जायचं तर जा, पण टोपली घरी ठेवून. त्या माणसाला सांगा, पैसे आज देतो, पिल्लू आणखी दोन आठवडे आईपाशी राहू दे, त्या दिवसांच्या खाण्याचे वेगळे देतो. तो काय म्हणतो ते मला जरूर कळवा.