ग्रीन टीच्या गोळ्या आणि बाबाची कंबर

‘ताई, ग्रीन टीनं कॅन्सरच्या पेशी मरते म्हणे, खरं हाय का?’ वर्धा-यवतमाळकडच्या गावांतून माझ्याकडे बोलायला येणारे कॅन्सरच्या पेशंटांचे नातेवाईक हा प्रश्न इतक्यांदा विचारतात की एकदा नीट लिहायलाच हवं.

हिंगणघाटकडचा एक तरुण शेतकरी. वडलांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर. त्यावरच्या बोर्टेझोमिब या औषधाची इंजेक्शनं चालू होती. कापसाच्या पैशातून यानं ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या आणल्या होत्या. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

माझी पद्धत ठरलेली आहे : आधी खरं उत्तर, मग गप्प बसणं. नुसता धीर दिलेला मला पटत नाही.

मी त्याला सांगितलं, बातमी खोटी नाही. ग्रीन टीमधल्या ईजीसीजी या घटकामुळे प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावते, काही मरतातही. पण तिथे तो जितका वापरतात, त्यापेक्षा चहा पिऊन रक्तात कितीतरी कमी उतरतो. ‘एका पंपाचं औषध अख्ख्या विहिरीत ओतलं, तर ते पाणी फवारून कीड मरेल का?’ तो मान हलवून नाही म्हणाला. ११ लाखांहून जास्त माणसांवरच्या १४२ अभ्यासांचा आढावा २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं घेतला, त्यातही ग्रीन टी कॅन्सर टाळते असा ठाम पुरावा मिळाला नाही.

पुढचं सांगणं जड होतं. हाच ईजीसीजी बोर्टेझोमिबला चिकटून त्याचं काम अडवतो, असं २००९ साली पेशींवर आणि उंदरांवर दिसलं आहे.

‘म्हणजे मीच बाबाले...?’

‘तसं म्हणता येत नाही. पण गोळ्या आज थांबवा आणि बाटली डॉक्टरांना दाखवा.’

मग मी काहीच बोलले नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, ‘बाबा कवाचे म्हणत होते, कंबर दुखते. मीच म्हटलं, डवरणीनं दुखत असन. तवाच दवाखान्यात नेलं असतं तर?’

इतक्या भेटींत हे पहिल्यांदा बाहेर आलं. त्या महागड्या गोळ्या म्हणजे त्याचं प्रायश्चित्त होतं. असे क्षण आपोआप येत नाहीत, त्यांच्यासाठी जागा धरून ठेवावी लागते, आणि ती धरता येते याचं मला समाधान आहे. शेतात राबणाऱ्या घरात कंबरदुखी कोणाला नसते? मायलोमा त्याच आडोशाला वाढतो, डॉक्टरांनाही चटकन सापडत नाही. हे मी त्याला पुन्हापुन्हा सांगितलं.

‘बाबाले काय खावंसं वाटते, ते इचारलं का?’ मी त्याच्याच बोलीत विचारलं.

विचारलं नव्हतं. पुढच्या भेटीत कळलं, बाबाला त्या गोळ्या नकोच होत्या. ज्वारीची भाकर अन् झुणका हवा होता.

तुमच्या घरी पेशंट असेल तर चहाच्या कपाला घाबरू नका, पण बोर्टेझोमिब चालू असेल तर ग्रीन टीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. अर्काच्या गोळ्या मात्र कुणीही मनानं देऊ नयेत. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गोळ्यांतून गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये दिला आहे. काढा, चूर्ण, गोळी, जे काही देत असाल ते पिशवीत घालून पुढच्या तपासणीला न्या. डॉक्टर रागावले तरी चालेल, पण डोस ठरवताना त्यांना सगळं माहीत असू द्या.