सहा महिन्यांनी लसीतलं अँटिजेन (शरीर ज्याला ओळखतं ते प्रथिन) ६० टक्केच सापडलं, म्हणजे बाकीचं खराब झालं का?

प्रश्न थोडक्यात असा: बेळगावात एम. फार्म.चा प्रोजेक्ट चालू आहे. टिटॅनस टॉक्सॉइड (धनुर्वाताच्या लसीतलं निर्विष केलेलं प्रथिन, म्हणजे इथलं अँटिजेन) ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या जेलवर चढवून ठेवलं होतं; लसीचा परिणाम वाढवायला हे जेल वापरतात. सहा महिन्यांनी जेल विरघळवणाऱ्या सायट्रेटने सोडवून एलायझा (अँटिबॉडीने अँटिजेन मोजायची चाचणी) केली, तर ६० टक्केच हाती लागलं. उरलेलं बिघडलं असं रिपोर्टात लिहू का?

नका लिहू. ते ४० टक्के जेलला अजून चिकटून असेल, सुटलं असेल पण आकार बदलल्याने अँटिबॉडीला ओळखू येत नसेल, किंवा साका बसल्यावर वरचं पाणी ओतून दिलंत त्याबरोबर गेलं असेल. तुमच्या आकड्यावरून यातलं काहीच वेगळं काढता येत नाही.

माझा पहिला संशय चिकटून राहिल्याचाच. पीएच ७ ला टॉक्सॉइडवर ऋण भार असतो आणि हायड्रॉक्साइडवर धन, कारण त्याचा शून्यभार बिंदू (ज्या पीएचला भार शून्य होतो आणि ज्याच्या खाली तो धन असतो) ११ च्या आसपास आहे. म्हणून मिसळल्यावर काही मिनिटांतच ते बसतं. पण गोष्ट तिथे थांबत नाही. पुढचे महिनोन्‌महिने प्रथिन पृष्ठभागावर पसरत राहतं आणि पकड घट्ट होत जाते. जुन्या नमुन्यातून कमी सुटणं हे त्यामुळे अपेक्षितच आहे. त्यात सायट्रेट हे काम संथपणे करतं: ॲल्युमिनियम फॉस्फेटचं जेल ते लवकर विरघळवतं, हायड्रॉक्साइडला मात्र ३७ अंशांवरही तासन्‌तास लागतात. नळीत पांढुरकं दिसतंय तोवर सोडवणं संपलं असं धरू नका.

आता तीन नळ्या जादा लावा. एकीत टॉक्सॉइड आणि सायट्रेट, जेल नाही. दुसरीत आजच चढवलेलं टॉक्सॉइड. तिसरीत नुसतं जेल, त्याचा स्वतःचा सिग्नल किती ते कळायला. पहिलीतच आकडा पडला तर दोष सायट्रेटचा किंवा तापमानाचा, साठवणुकीचा नव्हे. पहिली ठीक, दुसरी कमी, तर सोडवण्याची पद्धतच अपुरी आहे. दोन्ही ठीक आणि जुना नमुना तेवढा कमी, मग कुठे वयाचा विचार करायचा. आणि तेव्हाही घट्ट पकड की बिघाड हा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाचं उत्तर काढायला दोन मोजण्या करा. एकूण प्रथिनासाठी बीसीए (प्रथिन मोजायची रंगाची चाचणी) जेलसकटच लावा, रंग आला की सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव ५६२ नॅनोमीटरला वाचा, आणि ब्लँकमध्ये (प्रथिन नसलेल्या तुलनेच्या नळीत) तेवढंच नुसतं जेल घ्या. वरच्या पाण्यातलं न चिकटलेलं प्रथिन वेगळं मोजा, पण २८० नॅनोमीटरवर नको. फिनॉक्सिइथेनॉल (टिकवण्यासाठीचं रसायन) घातलं असेल तर तेच २७० च्या आसपास शोषतं आणि आकडा फुगतो.

दुसरी मोजणी म्हणजे अँटिजेन सोडवायचंच नाही, जेलवर असतानाच एलायझा करायची. अँटिबॉडी मोनोक्लोनल (एकाच जागेला धरणारी) आणि आकार ओळखणारी घ्या. पॉलिक्लोनल सीरम (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) मोडक्या प्रथिनालाही धरतं. एकूण प्रथिन पूर्ण पण ही एलायझा कमी, तर बोट बिघाडाकडे; दोन्ही पूर्ण, तर घट्ट पकडीकडे. ब्लॉकिंग (मोकळ्या जागा आधीच दुसऱ्या प्रथिनाने भरणं) मन लावून करा, नाहीतर जेलच्या मोकळ्या जागेवर अँटिबॉडीच जाऊन बसते आणि नुसतं जेलही सिग्नल देतं. सगळ्यात जास्त चुकतं ते धुताना: हात सवयीने पीबीएसकडे (फॉस्फेट असलेल्या नेहमीच्या मिठाच्या द्रावणाकडे) जातो. त्यातलं फॉस्फेट हायड्रॉक्साइडवर स्वतः जागा पटकावतं आणि अँटिजेन सुटून बेसिनमध्ये. ट्रिस-सलाइन (फॉस्फेटऐवजी ट्रिस असलेलं मिठाचं द्रावण) वापरा. (बेळगावातल्याच टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत पूर्वी देवीची लस व्हायची. जिवंत विषाणूची ती, जेलच नाही, त्यामुळे ही सोडवासोडव तिथे कुणाच्या वाट्याला आली नसणार.)

नमुना घेताना व्हायल (लसीची छोटी बाटली) १०-१५ वेळा उलटीपालटी करा आणि लगेच, रुंद तोंडाच्या टिपने उचला. बोलत उभं राहिलात तर खाली साका, वर निवळ, आणि एकाच नमुन्याची प्रत्येक मोजणी वेगळी.

अजून एक. सहा महिने व्हायल कुठे होत्या? घरगुती फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेल्या असतील तर गोठल्या असण्याची शक्यता धरा. गोठल्यावर जेलचे कण एकत्र येऊन रवा धरतात. बेळगावची मिठाई कुंदा रवाळ असला तर चांगला, लस नाही. त्याच बॅचची एक व्हायल रात्रभर उणे २० अंशांवर गोठवून पूर्ण वितळू द्या. ती आणि संशयित, दोन्ही एकाच हातात धरून १०-१५ सेकंद हलवा, शेजारी शेजारी ठेवा आणि अर्ध्या तासापर्यंत पाहा. संशयित व्हायलचा साका गोठवलेलीइतक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर बसला तर तो नमुना बाजूला काढा, त्याच्यावर एलायझाची प्लेट वाया घालवू नका. ही चाचणी खरं तर सगळ्यात आधी करायची, फुकटात होते.