सेंटर फील्ड सोडू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, सतराव्या फेरीत तुझं नाव आलं आणि पेढे वाटून व्हायच्या आतच घरात वाद सुरू झाला, हे वाचून मला नवल वाटलं नाही. आई म्हणते, डिग्रीला एकच वर्ष राहिलंय, ते आधी पुरं कर. बाबा म्हणतात, या पगारात न्यू जर्सीत धड एक खोलीसुद्धा मिळणार नाही. तुला वाटतं, ही वेळ पुन्हा येणार नाही. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. मला विचारलंस म्हणून सांगतो, सही कर. फक्त पुढची पाच-सहा वर्षं मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीग संघांच्या खालच्या फळीतल्या, आउटफिल्डरच्या (मैदानाच्या मागच्या भागात चेंडू अडवणाऱ्याच्या) वाट्याला काय येतं, ते आधी समजून घे.

पैशाचं आधी उरकून टाकू. मायनर लीगची जी मुलं आमच्या बेसमेंटमध्ये राहून गेली, त्यांच्या काळी संघ फक्त हंगामापुरता पगार द्यायचे, तोही हास्यास्पद. हिवाळ्यात ती पोरं गोदामात खोकी उचलायची, शाळांत बदली शिक्षक म्हणून जायची. एका माजी खेळाडूने २०१४ मध्ये कोर्टात दावा लावला, २०२२ मध्ये तो १८ कोटी ५० लाख डॉलरवर मिटला, आणि त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू युनियनमध्ये आले. २०२३ च्या करारात वर्षाचा किमान पगार ठरला, खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत: सिंगल-एला २६,२०० डॉलर, हाय-एला २७,३००, डबल-एला ३०,२५०, ट्रिपल-एला ३५,८००. राहायची सोयही आता बहुतेकांना संघच करून देतो. श्रीमंती नाही, पण उपासमारही नाही. वर मेजर लीगमध्ये २०२५ चा किमान पगार ७,६०,००० डॉलर होता. या दोन आकड्यांमधलं अंतर बघूनच लोक वर्षानुवर्षं बसचे धक्के खातात. बाबांना हे आकडे जसेच्या तसे दाखव, काही लपवू नकोस.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो.

मेजर लीगच्या संघात २६ जण असतात. त्यात पिचर (चेंडू टाकणारे) जास्तीत जास्त १३, म्हणजे बाकीचे १३. त्यातून दोन कॅचर (बॅट्समनच्या मागे बसणारे) आणि इनफिल्डची (बेसजवळची) माणसं वजा केली की आउटफिल्डर उरतात चार, फार तर पाच. असे ३० संघ. म्हणजे सगळ्या मिळून जागा सव्वाशे ते दीडशे. आणि खाली सिंगल-ए ते ट्रिपल-ए मिळून १२० संघ, प्रत्येकात चार-पाच आउटफिल्डर. शिवाय अॅरिझोना, फ्लोरिडा आणि डोमिनिकन रिपब्लिकमधल्या कॉम्प्लेक्सवर सरावणारी सतरा-अठरा वर्षांची पोरं वेगळीच.

आउटफिल्डच्या जागा तीन: लेफ्ट, मधे सेंटर आणि राइट. त्यातही लेफ्ट आणि राइट फील्डच्या जागा फटकेबाजांच्या. तिथे कॅचला माफी असते, बॅटला नसते. शिवाय थर्ड बेसवर पाय जड झालेला, फर्स्ट बेसवर जागा न मिळालेला असा प्रत्येक तगडा बॅट्समन शेवटी लेफ्ट फील्डकडेच सरकवला जातो. सेंटर फील्डला मात्र असं कुणी बाहेरून येऊन बसत नाही. सेंटरचा माणूस उद्या लेफ्टला खेळू शकतो, लेफ्टचा माणूस सेंटरला खेळू शकत नाही. म्हणून संघातला चौथा आउटफिल्डर निवडताना मॅनेजर पहिला प्रश्न विचारतो तो हाच: याला सेंटरला उभं करता येईल का? तुझ्यासारख्या सतराव्या फेरीतल्या मुलासाठी वर जायचं दार आहे ते हेच. कॉलेजात शेवटच्या महिन्यात तुला लेफ्टला हलवलं होतं आणि तिथे तुझी बॅट चांगली चालली, हे मला ठाऊक आहे. नव्या संघातही कुणीतरी म्हणेल, लेफ्टला रोज खेळवतो. नाही म्हणायचं नाही, मॅनेजर सांगेल तिथे उभं राहायचं. पण त्या दिवशी सकाळी सेंटरचा सराव चुकवायचा नाही, आणि कोचला स्पष्ट सांगायचं की मला सेंटरच्या कामासाठी गृहीत धरा.

केव्हिन किअरमायरचं उदाहरण तुला ठाऊक असेल. २०१० च्या ड्राफ्टमध्ये तो एकतिसाव्या फेरीत गेला, इलिनॉयच्या एका ज्युनियर कॉलेजमधून. ३० सप्टेंबर २०१३ ला टॅम्पा बे आणि टेक्सस यांच्यात प्लेऑफमध्ये कोण जाणार हे ठरवणारा जादा सामना होता. नवव्या डावात आघाडी राखायची होती आणि टॅम्पा बे रेजने सेंटर फील्डला पाठवला तो मेजर लीगमध्ये तोवर एकही सामना न खेळलेला हा मुलगा. बॅट हातात न घेता त्याचं पदार्पण झालं, निव्वळ कॅचच्या भरवशावर. पुढे त्याने चार गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) मिळवले. राजाय डेव्हिस तर २००१ मध्ये अडतिसाव्या फेरीत गेला होता. त्याच्या पायांतल्या वेगाने त्याला चौदा हंगाम मेजर लीगमध्ये टिकवलं आणि २०१६ च्या वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात पिचर चॅपमनला होम रन मारून सामना बरोबरीत आणणारा तोच. आता ड्राफ्ट वीस फेऱ्यांचाच झालाय. या दोघांच्या फेऱ्या उरलेल्याच नाहीत, म्हणून सतरावी म्हणजे तळाची असं मनात आणू नकोस.

कामाचं बोलू. पहिल्या आठवड्यातच तुझे कान फसतील. कॉलेजात तीन वर्षं धातूच्या बॅटचा आवाज ऐकलास, इथे लाकूड. धातूच्या बॅटच्या मुठीजवळ लागलेला चेंडूही आउटफिल्डपर्यंत पोचतो, त्यामुळे मोठा स्विंग दिसला की एक पाऊल मागे टाकायची तुझ्या पायांना सवय आहे. लाकडाच्या बॅटला तसाच चेंडू लागला की बॅट मोडते आणि चेंडू सेकंड बेसमागे टपकन पडतो. स्विंग तोच, निकाल वेगळा. डोळ्यांना हे उशिरा कळतं, कानांना आधी कळतं. भरीव कडाड आवाज आला तर मागे, आणि चिरका, फुटका आवाज आला तर पुढे. हे वाचून येत नाही. बॅटिंग प्रॅक्टिसच्या वेळी बाकीचे आउटफिल्डर घोळका करून गप्पा मारत चेंडू गोळा करतात. तू तो वेळ वाया घालवू नकोस. एका फेरीत सेंटरला एकटा उभा राहा आणि प्रत्येक चेंडू सामन्यातला समजून पहिली तीन पावलं पूर्ण जोरात टाक. चेंडू पकडलास नाहीस तरी चालेल, पहिली तीन पावलं चुकता कामा नयेत.

हे मी उगाच सांगत नाही. वर बसलेले लोक आता नेमकं तेच मोजतात. पहिल्या दीड सेकंदात तू किती फूट सरकलास, पुढच्या दीड सेकंदात किती, आणि वाट सरळ धरलीस का. मेजर लीगची सरासरी धाव सेकंदाला २७ फूट आहे, ३० म्हणजे अव्वल. तू २८ च्या आसपास आहेस. पाय आणखी फार वेगवान होणार नाहीत, पहिलं पाऊल मात्र होऊ शकतं. आणि तुझा जुना दुखरा मुद्दा, थेट अंगावर येणारा सपाट फटका. तो सगळ्यांनाच अवघड जातो, कारण समोरून येताना खोली कळत नाही. तिथे घाईने पुढे धावू नकोस. एक पाय मागे टाकून कंबर थोडी वळव, की चेंडू बाजूने दिसायला लागतो. डोक्यावरून गेला तर तू आधीच अर्धा वळलेला असतोस, पुढे पडत असेल तर परत यायला वेळ मिळतो.

प्रत्येक नव्या मैदानावर पोचलास की आधी भिंतीशी जा. वॉर्निंग ट्रॅकच्या (भिंतीआधीच्या मातीच्या पट्ट्याच्या) कडेपासून भिंतीपर्यंत किती पावलं आहेत, चेंडू भिंतीवरून कसा परततो, दिवे लागल्यावर उंच चेंडू कुठे हरवतो, सगळं बघून घे. मेन राज्यातल्या पोर्टलंडला लेफ्ट फील्डची भिंत ३७ फूट उंच आहे, बॉस्टनच्या फेनवेसारखीच. तिथे लेफ्टच्या माणसाच्या मागे जाऊन परतलेला चेंडू उचलणं सेंटरचं काम. हे सामन्यात शिकायला गेलास तर तीन बेस गेलेच म्हणून समज. आणि स्पॅनिश शिक, अगदी पहिल्या दिवसापासून. तुझ्या एका बाजूला डोमिनिकन पोरगा असेल, दुसऱ्या बाजूला व्हेनेझुएलाचा. दोघांच्या मधल्या कॅचवर हक्क सेंटरचा, तेव्हा ओरडायचं तुला आहे आणि ते त्यांना त्याच क्षणी कळलं पाहिजे. गुडघे फुटतात ते भिंतीपेक्षा असल्या धडकांत जास्त.

बॅटिंगबद्दल मी फार सांगणार नाही, त्यासाठी तुला माझ्यापेक्षा जाणकार माणसं भेटतील. एवढंच लक्षात ठेव की खरी परीक्षा डबल-एला होते. तिथले पिचर बॉल-स्ट्राइकच्या मोजणीत मागे पडले तरी कर्व्ह आणि स्लायडर असे वळणारे चेंडू टाकतात. मायकेल जॉर्डन १९९४ मध्ये बर्मिंगहॅमला राइट फील्डला खेळला तो याच पातळीवर. जगातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू, मेहनतीला तोड नाही, पहाटे येऊन बॅटिंग करायचा, आणि १२७ सामन्यांत बॅटिंगची सरासरी .२०२. लोक त्या आकड्याला हसले. मला त्या आकड्याबद्दल आदर वाटतो. शाळेनंतर बॅट न धरलेला माणूस थेट डबल-एला उभा राहतो आणि ३० बेस चोरतो, ही साधी गोष्ट नाही. पण हजारो चेंडू पाहिल्याची भरपाई नुसत्या ताकदीने होत नाही, हेही त्यातून दिसतं. तू लहानपणापासून तेवढे चेंडू पाहिले आहेस, ती तुझी पुंजी आहे.

एक कडू गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. तुझ्याच संघात पहिल्या-दुसऱ्या फेरीतला एखादा आउटफिल्डर असेल. तो महिनाभर अपयशी ठरला तरी रोज खेळेल, तू आठवडाभर चमकलास तरी पुढच्या मंगळवारी बाकावर बसशील. संघाने त्याच्यावर लाखो डॉलर लावलेत, ते वसूल होतात का हे त्यांना बघायचंच असतं. यावर चिडून रात्री जागू नकोस आणि त्या मुलाशी वाकडं वागू नकोस, त्याच्या डोक्यावरचं ओझं तुला दिसत नाही. आठवड्यात सहा सामने, सोमवारी सुट्टी, तीही बऱ्याचदा बसमध्ये. बसायच्या दिवशी तुझं काम जास्त असतं: सकाळी सेंटरचे कॅच, दुपारी पिचिंग मशीन, सामन्यात सातव्या डावापासून शरीर गरम. उशिरा आघाडी राखायला सेंटरला माणूस लागतो, तेव्हा मॅनेजरची नजर आपोआप तुझ्याकडे वळली पाहिजे.

मुदतीचं. एकोणीस किंवा त्याहून जास्त वयात सही करणाऱ्याला आता सहा हंगामांनी संघ सोडायची मोकळीक मिळते. म्हणजे तू सत्ताविसाव्या वर्षी मोकळा होशील. तोवर मेजर लीग संघाच्या चाळीस जणांच्या यादीत आला नसलास तर तेव्हा थांबून विचार करायचा, त्याआधी दर हिवाळ्यात नाही. माइक यास्त्रझेम्स्की चौदाव्या फेरीतला. बाल्टिमोर ओरिओल्सच्या ट्रिपल-एच्या पायरीवर अडकून पडला, २०१९ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेला आणि २५ मेला अठ्ठाविसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये उतरला, पुढच्याच वर्षी एमव्हीपीच्या (सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या) मतदानात आठवा आला. तेव्हा सत्तावीस ही काही मरणरेषा नाही. पण तो तिन्ही जागा खेळायचा, सेंटरसुद्धा, हे विसरू नकोस. आणि कोणत्याही मार्चमध्ये, हंगामाआधीच्या स्प्रिंग ट्रेनिंगच्या शेवटी, सकाळी लॉकरपाशी कोच येऊन म्हणू शकतो की ऑफिसात बोलावलंय, म्हणजे संघातून सुट्टी. त्या दिवसाची तयारी करून ठेवण्यात अपशकुन नाही.

म्हणून आईचा मुद्दा. आर्चिबाल्ड ग्रॅहम नावाचा आउटफिल्डर २९ जून १९०५ ला न्यूयॉर्क जायंट्सकडून राइट फील्डला एकच सामना खेळला, त्याच्या वाट्याला बॅटिंग आलीच नाही. मायनर लीग खेळता खेळता त्याने वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं होतं. नंतर मिनेसोटातल्या चिझम गावात त्याने आयुष्यभर डॉक्टरकी केली. हे आईला वाचून दाखव. तुझं तर एकच वर्ष राहिलंय.

करारात कॉलेज शिष्यवृत्तीचं कलम घालून घे. सहीच्या वेळी मागितलं तरच मिळतं, नंतर नाही. उरलेल्या सेमिस्टरची फी आकड्यात लिहून घे, आणि खेळ सोडल्यापासून दोन वर्षांत शिक्षण सुरू करावं लागतं ही अट नीट वाच. बोनसचं म्हणशील, तर अकराव्या फेरीपासून पुढे १,५०,००० डॉलरपर्यंतची रक्कम संघाच्या ठरलेल्या कोट्यात धरली जात नाही, त्यामुळे पहिल्या आकड्याला मान डोलवू नकोस. आत्ता तुझ्या हातात कॉलेजात परतायचा पर्याय आहे म्हणून तुझ्या शब्दाला वजन आहे, पुढच्या वर्षी शेवटचं वर्ष संपलं की ते राहणार नाही. माझं सही कर म्हणण्याचं मोठं कारण हेच. मुदत जवळ आली आहे, कागद आधी वकिलाला दाखव, मग मला पाठव. बाबांना मी रविवारी फोन करतो. काकूने विचारलंय, कॉम्प्लेक्सवर मेतकूट चालेल का, तेवढं कळव.

तुझा,
काका